जहाज सांधणारे हात

[रत्नागिरीच्या किनाऱ्याला जहाजे नवी नाहीत. जहाज चालवणाऱ्या खलाशांविषयी आपण बरेच ऐकतो. पण जहाजाचा झिजलेला पत्रा कापून तिथे नवा बसवणाऱ्या कारागिराची आपल्याला फारशी माहिती नसते. या पाठात जहाज दुरुस्तीतील वेल्डरच्या कामाची ओळख करून दिली आहे.]

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जायचे असेल, तर समुद्राकाठचा रस्ता धरा. शिरगाव मागे पडते. साखरतरची खाडी ओलांडली, की काळबादेवीचा किनारा लागतो आणि मग आरे गाव येते. पुढे रस्ता डोंगराच्या कडेने वर चढतो. वळणावर थांबून पाहिले, तर डोंगराच्या एका अंगाला आरे आणि दुसऱ्या अंगाला वारे, असे दोन किनारे एकाच नजरेत दिसतात. काठाला सुरूची झाडे आहेत. सहलीची मुले इथे उतरतात आणि थेट पाण्याकडे धावतात. तुम्ही मात्र तसे करू नका. इथले पाणी दिसते तितके भोळे नाही.

आपण आज दूर पाहू. क्षितिजावर एखादे मोठे जहाज दिसेल. उत्तरेला शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड आहे. तिथले नवे बंदर २००९ साली सुरू झाले आणि तेव्हापासून कोळसा व इतर माल घेऊन येणारी जहाजे या पाण्यातून सतत जातात. जयगडच्याच खाडीत लावगण येथे जहाजे दुरुस्त करण्याचा कारखाना आहे. आता दक्षिणेकडे वळा. तिकडे मिऱ्याचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी भारती शिपयार्ड या कंपनीच्या कारखान्यात पुष्कळ वर्षे जहाजे बांधली गेली. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली आणि २०१९ साली ती मोडीत काढण्याचा आदेश झाला. म्हणजे आरे-वारेच्या वळणावर उभे राहिले, की जहाज बांधणे, चालवणे आणि दुरुस्त करणे या तिन्ही गोष्टींच्या मधोमध आपण उभे असतो.

जहाज मोडते कसे, हेही या किनाऱ्याने पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' हे चक्रीवादळ कोकणावर आले. त्या दिवशी 'बसरा स्टार' नावाचे जहाज वाऱ्याने ढकलत मिऱ्याच्या किनाऱ्यावर आणून आदळले. त्यावरचे खलाशी वाचले, पण जहाज तिथेच रुतले. नंतरची काही वर्षे ते लाटांचा मार खात आणि गंजत पडून राहिले. रत्नागिरीतली अनेक कुटुंबे रविवारी ते पाहायला जात. ज्यांनी ते पाहिले, त्यांना समुद्र पोलादाचे काय करतो, हे पुस्तकातून शिकवावे लागणार नाही.

समुद्र हे काम शांतपणेही करतो. वादळ लागत नाही. लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले, की गंज चढतो. आणि पाणी खारट असेल, तर तो लवकर चढतो. जहाजाच्या तळाला रंगाचे अनेक थर देतात. जस्ताचे ठोकळेही बसवतात. समुद्राचे पाणी आधी जस्ताला खाते आणि तोपर्यंत पोलाद वाचते. तरीही कुठे तरी रंग खरवडला जातो, कुठे धक्क्याचा मार बसतो आणि पत्रा पातळ होऊ लागतो. म्हणून नियम असा आहे, की मोठ्या जहाजाचा तळ पाच वर्षांतून किमान दोनदा तपासला पाहिजे आणि दोन तपासण्यांमध्ये ३६ महिन्यांहून अधिक अंतर असू नये. यासाठी बहुतेक वेळा जहाज पाण्याबाहेर काढावे लागते.

एवढे जड जहाज पाण्याबाहेर कसे काढतात? एक रीत म्हणजे सुकी गोदी. हा एक प्रचंड हौद असतो. जहाज आत आणायचे, दार लावायचे आणि पाणी उपसून टाकायचे. पाणी ओसरते तसे जहाज खाली मांडलेल्या ठोकळ्यांवर हळूहळू बसते. मुंबईची ह्यूजेस सुकी गोदी १९१४ साली सुरू झाली. तिची लांबी १,००० फूट आहे. विजयदुर्गजवळच्या खाडीत आंग्र्यांच्या काळची, खडक खोदून केलेली गोदी आजही दाखवतात. दुसरी रीत लावगणला आहे. तिथे पाण्यात एक मोठा मंच असतो. तो खाली सोडायचा, जहाज त्याच्यावर आणायचे आणि मग जहाजासकट मंच वर उचलायचा.

इथे थोडे थांबून एक गंमत सांगतो. जहाज, बंदर, खलाशी, दुरुस्ती, कारागीर हे शब्द या पाठात पुन्हा पुन्हा येतील आणि तुम्हाला त्यांचे अर्थ पाहावे लागणार नाहीत. हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि तुमच्या उर्दूतही ते आहेत. आपल्या किनाऱ्यावरचा 'नाखवा' म्हणजे फारसीतला 'नाखुदा' आणि बोटीवरचा 'सारंग' म्हणजे 'सरहंग'. व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनी माल आणला, तसे शब्दही आणले. आणखी एक शब्द आहे. वेल्डिंगच्या शेडमध्ये शिकणारी मुले आपल्या वडीलधाऱ्या कारागिराला 'उस्ताद' म्हणतात. त्या मुलांच्या घरची भाषा कोणतीही असो, हाक हीच असते.

आता समजा, तुम्ही एका उस्तादांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून गोदीत आला आहात.

सकाळी पहिले काम कापणे किंवा जोडणे नसते. पहिले काम मोजणे असते. जहाजाचा तळ धुऊन, खरवडून स्वच्छ केलेला असतो. एक माणूस लहानसे यंत्र घेऊन फिरतो. पत्र्यावर थोडे जेल लावायचे आणि त्यावर यंत्राचे टोक टेकवायचे. आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या लहरी पत्र्यात शिरतात, पलीकडच्या पृष्ठभागावरून परत येतात आणि त्यांना लागलेल्या वेळेवरून जाडी कळते. समजा, मूळचा पत्रा १२ मिलिमीटर होता आणि यंत्र ८ दाखवते. वरून पत्रा चांगला दिसतो, पण त्याचा तिसरा भाग समुद्राने खाल्ला आहे. अशा जागेभोवती खडूने चौकट आखतात. तेवढा भाग कापून काढायचा आणि नवा बसवायचा.

चौकट आखली, तरी कोपरे मात्र गोल ठेवतात. असे का? कापड फाडायचे असेल, तर शिंपी आधी कात्रीने एक छोटा काप देतो. मग तिथूनच कापड सरळ फाटत जाते. पोलादातला टोकदार कोपरा हा तसाच काप असतो. सगळा ताण तिथे गोळा होतो आणि तडा तिथूनच निघतो. म्हणून कोपरा गोल.

मग गॅस कटरने जुना पत्रा कापतात. ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीन यांची ज्योत ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. नवा पत्रा मापाने कापून आणतात. तो हलका नसतो. १२ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन सुमारे ९४ किलो भरते. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तुकडा घेतला, तर पावणेतीनशे किलोंच्या वर. चेनपुलीने तो उचलून जागेवर धरायचा, कडेला कड मिळवायची आणि ठिकठिकाणी वेल्डिंगचा छोटा छोटा टाका मारायचा. याला 'टॅक मारणे' म्हणतात. कपडा शिवण्याआधी शिंपी धावदोरा घालतो, तसेच हे. पत्रा मापाने कापून बेतणाऱ्या आणि बसवणाऱ्या कारागिराला फॅब्रिकेटर किंवा फिटर म्हणतात. त्याचे माप चुकले, तर वेल्डर कितीही हुशार असला तरी सांधा चांगला होत नाही. पुष्कळ उस्तादांना दोन्ही कामे येतात.

आता वेल्डिंग. तुमच्या घरी पितळेच्या भांड्याला डाख दिलेला तुम्ही पाहिला असेल. डाख देताना भांडे वितळत नाही. दुसराच मऊ धातू वितळून फटीत बसतो. वेल्डिंगमध्ये दोन्ही पत्र्यांच्या कडा स्वतः वितळतात, त्यांच्यात रॉडचे धातू मिसळते आणि थंड झाल्यावर तिन्हींचे एकच अंग होते. पोलाद वितळायला सुमारे दीड हजार अंश उष्णता लागते. विजेच्या ठिणगीत ती याहून कितीतरी जास्त असते. घरातला पंखा अर्ध्या अँपिअरनेही फिरतो. वेल्डिंगच्या साध्या रॉडमधून शंभर-सव्वाशे अँपिअर प्रवाह जातो.

रॉडच्या बाहेर मातकट रंगाचे कवच असते. ते काही शोभेसाठी नाही. ठिणगीत ते जळते आणि त्याचा धूर वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. उरलेला भाग सांध्यावर काचेसारखी खपली धरतो. तिला स्लॅग म्हणतात. हे कवच कोणी शोधले, हे सांगण्यासारखे आहे. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांना जहाजांच्या आणि बॉयलरच्या गळणाऱ्या सांध्यांची दुरुस्ती करायची होती. उघड्या तारेने केलेला सांधा ठिसूळ होई. म्हणून त्यांनी रॉडला कवच देण्याची युक्ती काढली. १९०४ साली त्यांनी स्थापन केलेली कंपनी आजही वेल्डिंगचे सामान बनवते. म्हणजे आज गावोगावी खिडक्यांचे गज जोडणारा रॉड मुळात जहाज दुरुस्तीतून आलेला आहे.

या कवचाचा एक शत्रू आहे, तो म्हणजे दमट हवा. कोकणात पावसाळ्यात पापड मऊ पडतात, तसे रॉडही ओल धरतात. त्या ओलीतला हायड्रोजन गरम धातूत शिरतो आणि सांधा थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, आतून बारीक तडा जातो. म्हणून महत्त्वाच्या कामाचे रॉड भट्टीत तीनशे-साडेतीनशे अंशांवर भाजून घेतात आणि गरम डब्यात ठेवून एकेक काढून वापरतात. शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी हाच डबा सांभाळायला देतात. मुलाला वाटते, आपल्याला हमालाचे काम दिले. तसे नाही.

उस्ताद काळ्या काचेचा मुखवटा खाली घेतात. त्या प्रकाशाकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचे नाही. त्यातले अतिनील किरण डोळ्यांना भाजतात. त्या वेळी काही कळत नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. हातात चामड्याचे मोजे, अंगात सुती कपडे. नायलॉनचे कपडे ठिणगी पडताच वितळून कातडीला चिकटतात. रॉड पत्र्यापासून फार दूर नाही आणि फार जवळही नाही. साधारण रॉडच्या जाडीइतके अंतर. बरोबर जमले, तर कढईत भजी तळताना येतो, तसा सलग आवाज येतो. उस्ताद पुष्कळदा पाठमोरे उभे असतात आणि तुमचा हात बिघडला, हे कानानेच ओळखतात.

पहिला थर झाला, की हातोडीने स्लॅग फोडायचा, तारेच्या ब्रशने घासायचे, काचेचा एक कणही राहू द्यायचा नाही. मग दुसरा थर, मग तिसरा. पत्रा तापला की वाकतो. म्हणून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जात नाहीत. थोडे इथे, थोडे तिथे, ठरलेल्या क्रमाने करतात. खाली ठेवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करणे सर्वांत सोपे. उभ्या भिंतीवर ते अवघड होते, कारण वितळलेले धातू खाली ओघळू पाहते. सर्वांत कठीण काम डोक्यावरचे. जहाजाच्या तळाखाली मान वर करून काम करायचे आणि ठिणग्यांचा पाऊस आपल्याच खांद्यावर झेलायचा. तसा सांधा सरळ, सारखा आला, तर दुसरे वेल्डरसुद्धा थांबून पाहतात.

कधी कधी लबाडीही होते. दोन पत्र्यांमधली फट जास्त रुंद राहिली, तर ती नीट भरायला वेळ लागतो. मग कोणी तरी फटीत लोखंडाची सळई कोंबतो आणि वरून एक सुरेख थर ओढतो. रंग लागल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही. तसेच झिजलेला भाग कापून काढण्याऐवजी वरून ठिगळ लावले, तर काम लवकर होते. ठिगळ अगदीच वाईट असे नाही. अडचणीच्या वेळी, पुढच्या बंदरापर्यंत जायला ते चालते. कायमची दुरुस्ती म्हणून ते चालत नाही. म्हणून सांधा झाल्यावर त्याची परीक्षा घेतात. रंगीत द्रव लावून बारीक भेगा शोधतात, ध्वनिलहरींनी आतला भाग तपासतात आणि आपल्या हाडांचा काढतात, तसा सांध्याचाही क्ष-किरण फोटो काढतात. कोंबलेली सळई त्या फोटोत लपत नाही. पण प्रत्येक इंचाचा फोटो काढला जात नाही. उरलेल्या सांध्यासाठी जहाजाचा कप्तान वेल्डरच्या शब्दावर समुद्रात जातो.

हा शब्द किती मोलाचा आहे, ते एका घटनेवरून कळते. पूर्वी जहाजाचे पत्रे रिव्हेटने जोडत. लाल तापलेली खिळ्यासारखी कडी भोकात घालून दोन्हीकडून ठोकायची. १९२० साली इंग्लंडमध्ये 'फुलागर' हे पूर्णपणे वेल्डिंगने जोडलेले पहिले समुद्रगामी जहाज झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंगने भराभर जहाजे बांधली. 'लिबर्टी' जातीचीच २,७०० हून अधिक जहाजे तयार झाली. त्या कारखान्यांत हजारो स्त्रियाही वेल्डर होत्या. पण १६ जानेवारी १९४३ रोजी एक विलक्षण गोष्ट घडली. 'स्केनेक्टडी' नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे धक्क्याला लागलेले होते. पाणी शांत होते. रात्रीची थंडी होती. अचानक मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध तडकून जवळजवळ दोन तुकडे झाले.

पुढे तपास झाला. काही ठिकाणचे वेल्डिंग सदोष होते. तडे सदोष सांध्यातून किंवा टोकदार कोपऱ्यातून सुरू होत. त्या काळचे पोलाद थंडीत काचेसारखे ठिसूळ होई. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या शास्त्रज्ञ बाईंनी हे दाखवून दिले. आणि तिसरे कारण समजून घ्या. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबत असे, कारण पुढचा पत्रा वेगळा होता. वेल्डिंगने सगळे जहाज एकच अंग झाले होते. मग तडा थांबेल कुठे? एका हाताची चूक साऱ्या जहाजात पसरू लागली. मघाशी पाहिलेले गोल कोपरे, भाजलेले रॉड आणि क्ष-किरण फोटो या साऱ्यांमागे असे अनुभव आहेत.

आता या कामातल्या धोक्याविषयी. वेल्डर भाजतो हे आपल्याला ठाऊक असते. पण जहाजावर पत्र्याच्या पलीकडे काय आहे, हे जास्त महत्त्वाचे. तुम्ही अलीकडून पत्रा तापवता, पलीकडे तेलाची टाकी असू शकते, वायरी असू शकतात, गाद्या असू शकतात. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात 'नॉर्मंडी' या प्रचंड प्रवासी जहाजावर काम चालू होते. कटरच्या ठिणग्या जीवरक्षक जाकिटांच्या ढिगावर पडल्या. त्या जाकिटांत सावरीच्या कापसासारखा कापूस भरलेला होता. आग भडकली. विझवण्यासाठी इतके पाणी ओतले, की जहाज कलंडले आणि रात्रीतून आडवे झाले. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एक जहाज एका ठिणगीने गेले. म्हणून आज ज्योत पेटवण्याआधी लेखी परवाना घेतात, पलीकडच्या बाजूला पाण्याचा पाइप घेऊन एक माणूस उभा करतात आणि काम संपल्यावरही तो काही वेळ तिथून हलत नाही. त्याला दिवसभर काहीच करावे लागले नाही, तर दिवस चांगला गेला.

दुसरा धोका दिसतही नाही. जहाजाच्या तळाशी बंद टाक्या असतात. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचले आहे, की गंजताना लोखंड ऑक्सिजन घेते. मग महिनोन्महिने बंद असलेल्या, आतून गंजलेल्या टाकीतल्या हवेचे काय होते, याचा विचार करा. मोकळ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. बंद टाकीत तो इतका कमी होऊ शकतो, की आत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. टाकीला वास नसतो, रंग नसतो, काही नसते. वरचा माणूस घाबरून त्याला काढायला खाली उडी घेतो आणि तोही कोसळतो. अशा अपघातांत पुष्कळदा एकाऐवजी दोघे-तिघे जातात, आणि दुसरा-तिसरा केवळ दोस्तीपोटी जातो. म्हणून नियम पाठ करा: आधी टाकी उघडून पंख्याने हवा खेळवायची, मग यंत्राने हवा मोजायची, मग परवाना, मग आत. तोंडाशी एक माणूस सतत उभा. आत कोणी पडला, तर त्याने हाक द्यायची, मदत बोलवायची. श्वासाचे उपकरण लावल्याशिवाय स्वतः उतरायचे नाही. हे करणे फार कठीण आहे. आपला माणूस खाली पडलेला दिसतो आणि आपण वर थांबायचे. पण असे थांबणाऱ्याने माणसे वाचवली आहेत.

'शाळेत लक्ष नव्हते म्हणून वेल्डर झाला,' असे लोक सहज बोलून जातात. असे बोलणाऱ्याने वर सांगितलेल्या गोष्टींत किती भूमिती, किती भौतिकशास्त्र आणि किती रसायनशास्त्र आहे, हे मोजून पाहावे. हे काम शिकायचे असेल, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. मुलींनाही तो घेता येतो. रत्नागिरीत अशी शासकीय संस्था आहे. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते. मुंबईचा माझगाव डॉक हा सरकारी कारखाना युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतो. तिथे शिकाऊ उमेदवार घेतले जातात. कोकणातल्या कितीतरी घरांतून आजोबा गोदीत, वडील गोदीत असे चालत आले आहे. तुमच्याही मोहल्ल्यात एखादे चाचा असतील, ज्यांची उमर मुंबईच्या नाही तर दुबईच्या गोदीत गेली. बहरीनची मोठी सुकी गोदी १९७७ साली आणि दुबईची १९८३ साली सुरू झाली. त्यांना एकदा विचारा. पण विचारताना पगार किती, एवढेच विचारू नका. डोक्यावरचे वेल्डिंग किती दिवसांत जमले, तेही विचारा.

जहाजावर काम करायला नुसती आय.टी.आय.ची सनद पुरत नाही. जहाजांची तपासणी करणाऱ्या संस्था असतात. आपल्या देशात इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था १९७५ साली मुंबईत स्थापन झाली. तिचा निरीक्षक समोर उभा राहतो आणि वेल्डरकडून दोन तुकडे जोडून घेतो. मग ते कापतात, वाकवतात, आतून तपासतात. पास झाला, तर कागद मिळतो. पण तो कागद ज्या प्रकारच्या कामाची परीक्षा दिली, तेवढ्यापुरताच असतो. सपाट कामात पास झालेल्याला डोक्यावरचा सांधा करू देत नाहीत. परदेशी जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. कागदावर 'वेल्डर' असे लिहून नेलेला आणि तिथे परीक्षेत नापास झालेला माणूस मदतनीसाच्या पगारावर राबतो. घरून काढलेले कर्ज मात्र वेल्डरच्या हिशेबाने फेडावे लागते.

आता गोदीत परत येऊ. काम संपले आहे. नव्या पत्र्यावर रंगाचे थर चढले आहेत. जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे आता फक्त उस्तादांना ठाऊक. गोदीत पाणी सोडायला सुरुवात होते. ते ठोकळ्यांपर्यंत येते, मग तळाला लागते. जहाज अजून तरंगलेले नाही. इथे सर्व काही थांबवतात. दोन माणसे विजेऱ्या घेऊन आतल्या टाकीत उतरतात. हवा मोजून झालेली असते, तोंडाशी माणूस उभा असतो. नव्या सांध्यावरून ते बोट फिरवत जातात. एक बाजू, दुसरी बाजू, चारही गोल कोपरे. वर सगळे गप्प असतात. उस्ताद मोजे हातात घेऊन काठावर उभे असतात.

खालून आवाज येतो, "कोरडं आहे!"

आणि पाणी पुन्हा सोडतात.

शब्दार्थ

सुकी गोदी – पाणी उपसून रिकामी करता येणारी, जहाज दुरुस्तीची जागा. सांधा – दोन वस्तूंचा जोड. डाख – भांडी जोडण्यासाठी दिलेला मऊ धातूचा जोड. ठिगळ – फाटक्या जागेवर वरून लावलेला तुकडा. ठिसूळ – पटकन तुटणारे. तडा – भेग. कलंडणे – एका बाजूला झुकून पडणे. विजेरी – बॅटरी, टॉर्च. मोडीत काढणे – कायमचे बंद करून विकून टाकणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जहाजाला जस्ताचे ठोकळे का बसवतात?
(आ) 'नाखवा' हा शब्द कोणत्या शब्दापासून आला?
(इ) वेल्डिंगचे रॉड भट्टीत का भाजतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कापलेल्या पत्र्याचे कोपरे गोल का ठेवतात?
(आ) वेल्डिंगच्या जहाजात तडा पसरतो. रिव्हेटच्या जहाजात तो थांबत असे. कारण सांगा.
(इ) बंद टाकीत पडलेल्या मित्राला काढायला लगेच उडी का घ्यायची नाही?

३. हिशेब करा : १२ मिलिमीटर जाडीचा, ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद पत्रा सुमारे किती किलो भरेल?

४. या पाठातील उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधा. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. तुमच्या ओळखीच्या एखाद्या कारागिराला भेटा. त्यांच्या कामातली सर्वांत कठीण गोष्ट कोणती, ते विचारून दहा ओळी लिहा.